साहेबाचा नकाशा आणि वरच्या घराचं सुतक

घर सोडलं त्या दिवशी ट्रंक डोक्यावर घेऊन मी वहाळातून गेलो. स्टँडवर जायला सरळ वाट होती, पण ती वरच्या घराच्या अंगणाला लागून जायची, आणि त्या अंगणाला आमचा पाय लागणार नाही असं वडिलांनी ठरवलेलं. वहाळाला गुडघाभर पाणी. नवीन पँट वर दुमडून मी वडिलांच्या मागून चाललो. वरच्या घराच्या पडवीतून कुणीतरी बघत होतं. आम्ही मान वर केली नाही.

एसटी सुटायच्या आधी वडील खिडकीशी आले. म्हणाले, "परमुलखात आपल्या आडनावाचा कुणी भेटला तर आधी इचार, कुठल्या घरचा. वरच्या घरचा निघाला तर त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेऊ नको." जपून राहा नाही, पत्र लिही नाही. एवढंच.

हे मी भावकीतल्या सगळ्यांसाठी लिहितोय, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्यासाठी. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी हे दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं नाही. ज्याला पटणार नाही त्याने वाचून मग भांडावं, न वाचता नको.

नवीन पोरांना भांडण माहीत नसेल म्हणून सांगतो. आम्ही सावरखोलकर. हे आडनाव दुसरीकडे कुठे सापडणार नाही. सावरखोल ही आमची वाडी, आणि सगळे एकाच माणसाचे वंशज. खाली सात घरं, वर एक. मध्ये एक बांध आणि एक फणस. माझे आजोबा वारले तेव्हा दहा दिवसांचं सुतक सगळ्या भावकीला लागलं. नवव्या दिवशी वरच्या घरात मुलीचं लग्न लागलं. मुहूर्त आधी धरलेला, मुलाकडचे थांबायला तयार नव्हते, असं ते म्हणाले. वडिलांनी वरात जाताना बघितली. त्या संध्याकाळी ते बांधावर उभे राहून ओरडले, "ज्यांनी आमचं सुतक धरलं नाही, त्यांचं आम्हाला नाही!" त्यानंतर त्या घरात कुणी मेलं तर आम्ही देवाला दिवा लावत राहिलो, मुद्दाम, दार उघडं ठेवून. मीही लावलाय.

इथे कतारला आलो तेव्हा दोहा म्हणजे वाळू आणि चार रस्ते होते. अल मन्सूऱ्यात एक मलबारी खानावळ होती, तिथे शुक्रवारी भात मिळायचा म्हणून आम्ही पाच जण एका टॅक्सीत कोंबून जायचो. आता तिथे जमिनीखालून मेट्रो येते. मी शटरिंगचा सुतार म्हणून आलो, फोरमन झालो. कॉंक्रीट ज्या साच्यात ओततात तो साचा आमचा. कॉंक्रीट आवळलं की साचा काढून टाकतात, मग आमचं नाव कुठे दिसत नाही. फुटबॉलच्या वर्ल्ड कपचं स्टेडियम उभं राहायला लागलं तेव्हा माझी साठी जवळ आली होती. पोरं म्हणायची, "काका, आता तुम्ही घरी बसा." मी म्हणायचो, पहिली मॅच झाल्याशिवाय हलत नाही.

त्या साईटवर सर्व्हेचे मोठे साहेब होते, रोअनथ्वेट. इंग्लंडचे. गल्फमध्ये आयुष्य गेल्यामुळे हिंदी बोलायचे, आमच्यासारखीच मोडकी. त्यांच्या केबिनमध्ये साईटच्या ड्रॉइंगशेजारी एक जगाचा नकाशा होता, त्यावर लाल टाचण्या. मला वाटलं कंपनीची कामं असतील. एकदा दुपारच्या सुट्टीत विचारलं, तर म्हणाले, "ये सब मेरा नाम है."

त्यांचं आडनाव फार थोडं. इंग्लंडच्या उत्तरेला डोंगरात एक दरी आहे, तिथलं. तिथे पूर्वी समुद्रापलीकडून आलेले लोक राहिले, त्यांच्या जुन्या भाषेत थ्वेट म्हणजे रान तोडून काढलेली जमीन. आपण दळी म्हणतो तसं. रोअन हे लाल फळांचं झाड. म्हणजे त्या झाडाची दळी. मी म्हटलं, साहेब, आमचंही तेच, सावरीच्या झाडाची खोल जागा. ते खुर्चीतून उठले आणि मला बसायला दिलं. फोरमनला खुर्ची देणारा साहेब मी पहिल्यांदा बघितला.

मग ते मला रोज थोडं थोडं सांगायचे. त्यांचे लोक आधी मेंढ्या पाळायचे. मेंढ्यांवर भागेना तेव्हा काही शिशाच्या खाणीत उतरले, काही शेजारच्या मुलखात कापडगिरण्यांत गेले. दोघे भाऊ बोटीने ऑस्ट्रेलियाला गेले, म्हणून तिथे टाचण्यांचा पुंजका. मूळ दरीत आता कुणी नाही, फक्त चर्चच्या आवारात थडगी. साहेबांना एक मुलगी, तिने लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावलं. "मेरे बाद मेरे घर में खलास," ते म्हणायचे. पण टाचण्या लावायचं थांबले नाहीत. रजेवर गेले की त्या नावाची माणसं शोधून भेटायला जायचे. एकदा एका म्हाताऱ्या बाईकडे गेले. तिच्या आजोबाचं आणि साहेबांच्या पणजोबाचं चर्चवरून वाकडं होतं, तेव्हापासून त्या शाखेशी बोलणं बंद. मी विचारलं, मग काय म्हणाली? साहेब म्हणाले, "कुछ नहीं. सारा टाइम अपनी बिल्ली का बात किया." आणि हसले. एवढ्या लांब जाऊन मांजराची गोष्ट ऐकून आले आणि वर खूश. मला ते खुळं वाटलं.

त्यांनी मला विचारलं, तुझ्या नावाची घरं किती? मी सुताराच्या पेन्सिलीने प्लायवूडवर वाडी काढून दाखवली. सात घरं काढली. आठवं काढलं नाही.

पुढे एकदा कंपनीची यादी चाळताना त्यांना दुसऱ्या साईटवरचा एक माणूस सापडला. फिटर, नाव दत्ताराम, आडनाव आमचं. साहेब धावत शटरिंगच्या खाली आले. "गोविंद! तुम्हारा आदमी! तीस साल में मेरा कोई इधर नहीं आया, तुम्हारा बाजू में है! यल्ला, जाओ, मिलो!"

मी म्हटलं, "साहेब, वो दूसरा घर का है."

"कितना दूर दूसरा?"

"बीच में एक फणस का झाड."

ते म्हणाले, "मेरा बीच में समुंदर है, फिर भी मैं जाता है." मी कामाला लागलो.

मी गेलो नाही, तर तो आला. एशियन टाउनमध्ये, म्हणजे आम्हा कामगारांच्या बाजारात, शुक्रवारी, थिएटरच्या बाहेर. गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर उभा राहिला. चाळिशी उलटलेली, केस पातळ झालेले. दोन्ही हातात चहाचे कागदी कप, त्यामुळे वाकता येईना, तरी वाकायला बघत होता. "गोविंददादा ना? मी दत्ताराम. वरच्या घरचा." एक कप माझ्यापुढे केला. "दादा, चहा घ्या."

मी म्हटलं, "वरचं घर कुठलं? मला माहीत नाही."

माझ्याबरोबर खोलीतला बबन होता, साताऱ्याकडचा. त्याला काही कळेना. दत्तारामच्या तोंडावरचं हसू गेलं नाही, फक्त तसंच राहिलं. म्हणाला, "बरं दादा. तब्येत बरी आहे ना?" मी चालायला लागलो. बबन मागून म्हणाला, "काका, घ्यायचा होता की. बिचारा उभा आहे अजून." मी बबनलाही झापलं.

मी खोटं लिहिणार नाही. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. वडिलांचा शब्द राखला असं वाटलं.

चार-पाच महिने गेले. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवताना दत्तारामच्या छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत तो गेला. माझ्याकडे निरोप आला कारण इथे त्याच्या नावाचा मी एकटाच. ओळख पटवायला कुणीतरी पाहिजे होतं. मी म्हणालो, माझा संबंध नाही. साहेबांना कळलं तेव्हा ते माझ्याकडे आले. गाडीची किल्ली घेतली, पुढचं दार उघडून उभे राहिले. मी बसलो.

हॉस्पिटलच्या खिडकीवर एक केरळी माणूस होता. त्याने दत्तारामचं आणि माझं ओळखीचं कार्ड शेजारी ठेवून बघितलं. "सेम नेम. आप इनका कौन?"

त्याने परत विचारलं. मागे लाइन होती.

"भाई," मी म्हटलं.

"सगा?"

"हां. सगा."

आत नेलं. चादर बाजूला केली. मोठेपणी मी त्याला एकदाच बघितलेला, तेही धड नाही. आता बघावंच लागलं. कपाळ माझ्या वडिलांचं. डाव्या भुवईत केस उभे राहिलेले, तेही वडिलांचेच. वडील गेले तेव्हा मी इथे होतो, मला त्यांचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. मी तिथे किती वेळ उभा होतो माहीत नाही. साहेबांनी दंडाला धरून बाहेर आणलं.

कागद झाले, पेटी मुंबईच्या विमानात गेली. मला सोबत जाता आलं नाही, वरच्या टप्प्याचं कॉंक्रीट त्या आठवड्यात होतं. तसं सोडा, जायची हिंमतच नव्हती. मी वाडीत तात्यांना फोन केला. भावकीत आता तेच मोठे. विचारलं, तात्या, दत्तारामचं सुतक धरायचं ना?

तात्या म्हणाले, "येडा झालास काय गोविंदा? आपल्याला त्यांचं सुतक नाही. तुझ्याच बापाने सांगितलेलं."

"माझ्या बापाने सांगितलेलं मला माहीत आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

खोलीत आम्ही आठ जण. पत्र्याच्या कपाटावर देवांचे फोटो, त्यांना दिवा मी लावतो, बाकीची पोरं हात जोडतात. मी दिवा लावला नाही. बबनने विचारलं, "काका, वात संपली काय?"

"सुतक आहे."

"अरे! कोण गेलं?"

"भाऊ."

त्याला चहाचे कप आठवले असणार. दहा दिवस त्याने माझ्यासाठी फोडणीशिवाय जेवण वेगळं काढलं. सुतकात कामावर जातात का मला माहीत नाही, मी गेलो. दाढी वाढली, केसाला तेल नाही. स्टेडियमवर कसलेसे पाहुणे फोटो काढायला येणार होते, सुपरवायझर म्हणाला, दाढी करून या. साहेबांनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. परत कुणी हटकलं नाही. दहाव्या दिवशी अल मन्सूऱ्यातल्या न्हाव्याकडे डोकं केलं. माझ्या बापाच्या दहाव्याला मी डोकं केलं नव्हतं. तेव्हाच्या कंपनीत टोपी घालून काम होतं, कुणाला दिसलंही नसतं, तरी मी केलं नव्हतं.

त्याच दिवशी दत्तारामच्या बायकोचा नंबर मिळवून फोन लावला. म्हटलं, मी गोविंद बोलतोय, खालच्या घरचा. मला वाटलं ती फोन ठेवेल.

"बोला भाऊजी," ती म्हणाली.

दत्ताराम सोडला तर आमच्या घरातल्या कुणाला त्या घरातून नात्याने हाक मारून चाळीस वर्षं झाली असतील. मी सांगितलं की इथे दहा दिवस धरले, आज डोकं केलं. एवढं सांगायलाच फोन केलाय.

ती म्हणाली, "ह्यांनी सांगितलेलं तुम्ही भेटलात म्हणून. फोनवर म्हणाले, गोविंददादा भेटले, तब्येतीने बरे आहेत."

"आणखी काय म्हणाला?"

"आणखी काही नाही. एवढंच."

मग तिने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. "भाऊजी, तुमचे बाबा गेले तेव्हा हे रजेवर आलेले. मामंजींनी सगळ्यांना पडवीत बसवलं, म्हणाले, माझा भाऊ गेला. दहा दिवस आमच्याकडे देवाला फूल नव्हतं. दहाव्याला ह्यांनी डोकं केलं. तुमच्या जागेवर, म्हणाले, दादा परदेशात आहेत, कुणीतरी करायला हवं. तुमच्याकडे सांगायला कोण येणार? आम्हाला दारात कोण घेणार होतं?"

ती हॅलो, हॅलो करत राहिली.

साहेब पुढच्या वर्षी काम संपवून गेले. ते कुणाकडे राहणार मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वर्ल्ड कपची पाटी आता रस्त्यारस्त्यावर आहे, तिच्यावर उरलेले दिवस रोज कमी होतात. माझा व्हिसा त्यानंतर वाढणार नाही असं ऑफिसने सांगितलंय, म्हणजे मी येणार. नवीन पोरं विचारतात, काका, घरी गेल्यावर काय करणार? सावरखोलात मी चिऱ्याचं घर बांधलं, त्यात सगळ्या रजा मिळून दोन वर्षंही झोपलो नसेन. त्याला घर म्हणायची सवय लावून घ्यावी लागेल. माझ्या बापासाठी ज्या घरात देव बिनफुलाचे राहिले आणि माझ्याऐवजी कुणी डोकं केलं, ते माझं घर नव्हतं असं मला आता सांगता येत नाही. ज्याला सांगायला हवं होतं तो राहिला नाही, आणि मी त्याचा चहासुद्धा घेतला नाही.

तात्या, तुम्हाला हे माहीत होतं का, ते मला कळवा. माहीत असेल तर का सांगितलं नाही तेही कळवा. भावकीने काय करायचं ते भावकी ठरवेल, मी कुणाला शिकवायला बसलेलो नाही. माझ्यापुरतं सांगतो आणि हे बदलणार नाही. मी गेलो की पहिला निरोप वरच्या घरी जाऊ दे. बाकीच्यांना सावकाश कळवा.