आयर्लंडच्या चौकात आमच्या घरची गाळी

कॉलेजात असताना आयरिश रॉकच्या कॅसेटी ऐकणारा आमच्या अख्ख्या बुधवारा मोहल्ल्यात मी एकटाच. शब्द एक कळायचा नाही, पण मान अशी हलवायचो की बघणाऱ्याला वाटावं, गाणं मीच लिहिलंय. त्यामुळे लेक नर्स होऊन आयर्लंडला गेली तेव्हा वाटलं, आता आपल्या ज्ञानाला दिवस आले.

दिवस आले ते बायकोच्या ज्ञानाला.

झालं असं की, तिकडे बसमध्ये एक बाई लेकीला म्हणाली, आपल्या देशात परत जा. तेव्हापासून पोरगी दवाखान्यात पायी जायला लागली आणि फोनवर एकच बोलायला लागली, मी येते परत, कायमची. हे तिच्या शेजारच्या मुलीला कळलं. ती पंक बँडमध्ये ड्रम वाजवते. त्यांचा बँड वर्णद्वेषाविरुद्ध भर चौकात कार्यक्रम करणार होता. ती म्हणाली, तूही ये, तुमच्याकडचं काहीतरी झोंबणारं गा.

मी सल्ला द्यायला खाकरून तयार. लेक म्हणाली, पप्पा, मम्मीला फोन द्या.

कारण झोंबणाऱ्या गाण्यांत माझ्या बायकोचा हात धरणारं कोणी नाही. लग्नात वराकडच्यांना टोमणे मारत जी गाणी म्हणतात, त्यांना आम्ही गाळी म्हणतो. आमच्या भागात शाहपुरापासून धूलकोटपर्यंतचे व्याही तिला वचकून असतात. दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या ओट्यावर जमल्या. चहा करायचं काम आयरिश रॉकच्या जाणकाराकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. चहाला उकळी फुटेपर्यंत गाळी तयार:

बसमधल्या विहीणबाई, नाक कशाला मुरडता?
आजारी पडता तेव्हा माझ्या लेकीलाच बोलावता!
या, बसा पंगतीला, पान केळीचं मांडलं,
सांगा बरं जेवताना, आम्ही तुमचं काय सांडलं!

फोनवर ऐकून लेक खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी. पण ड्रमवालीला अर्थ सांगितला तर ती अडून बसली. असल्या लोकांना जेवायला काय म्हणून बोलवायचं? शेवटच्या दोन ओळी काढा.

बायको फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "तिला सांग, पंगतीला बोलावल्याबिगर गाळी देता येत नाही. नुसतं वाईट बोलायचं तर ती बसमधली बाईपण बोलली की वो."

पलीकडे लेकीने ते ड्रमवालीला समजावलं. मग लेकीने कळवलं, चारही ओळी राहणार, आणि बँड मागून कोरस म्हणणार.

कार्यक्रम त्यांच्या दुपारी, आमच्याकडे दिवेलागणीला. व्हिडिओ कॉलवर फोन धरायची जबाबदारी माझी, त्यामुळे तिकडच्यांना मधूनमधून आमचा पंखाच दिसला. मग पोरगी स्टेजवर आली. पहिली ओळ ती पुटपुटलीच. ड्रम धडाडले, आणि तिने दुसरी ओळ अशी फेकली की शेजारच्या काकूंनी ताट उचलून बडवायला घेतलं. गिटार किंचाळत होत्या, गोऱ्या पोरी नाचत नाचत आमच्या "पंगतीला" म्हणत होत्या, जमाव उड्या मारत होता. मीही मारली. गुडघा अजून बोलतोय.

गाणं संपल्यावर घामाघूम लेक फोनवर आली. बायकोने एवढंच विचारलं, "मंग येतीस कधी?"

"दिवाळीला, मम्मी. सुट्टीपुरती."

बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला. मला स्क्रीन धूसर दिसत होती. मी म्हटलं, नेटवर्क खराब आहे.