मागून येणारी जीप

जालन्यात मस्तगडाला शेठच्या दारात गाडी उभी केली तेव्हा बघायला अर्धी गल्ली जमली. परदेशी गाडी, चारही चाकांना जोर, आत बसलं की इंजिन चालू आहे हेही कळू नये. मी देवगडकडचा, सातवीत शाळा सोडलेला. तरीही मुंबईच्या शोरूममधल्या साहेबांनी मला कामावर घेतलं आणि ही गाडी दाखवायला एकट्याला एवढ्या लांब पाठवलं. शेठनी घेतली तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. शेठनी कचोरी पुढे केली.

"सडकंवर कोन्तीबी गाडी पळती," शेठ म्हणाले. "जाफराबादकडं आपलं शेत हाये. पावसाळ्यात तिथं बैलगाडीच जाती. चला, बघू."

डांबरावर गाडी अशी पळाली की शेठ स्वतःशीच हसले. मग शेताच्या वाटेला वळलो आणि भिजलेल्या काळ्या मातीत पन्नास पावलांवर रुतलो. आमच्याकडे कातळ, पाय दाबला की गाडी निघते. मी दाबला. चाकं जागेवरच गरगरली, गाडी पोटावर बसली. शेठ खिडकीतून वाकून चाकाकडे बघू लागले.

सडकेवर माणसांनी खच्चून भरलेली एक जीप थांबली. ड्रायव्हर उतरून आला.

"काय करून राह्यले पाव्हणे? विहीर खांदता का?" जीपमध्ये हशा पिकला. "लई जोर हाय हिच्यात, तेच नडलं. चाकातली अर्धी हवा सोडा, चाक पसरलं की माती धरतंय."

"आणि भरायची कुठं?"

"जाफराबादला. हळूहळू चला मंग."

एवढी महाग चाकं! शेठकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. खाली वाकून हवा सोडली. जीपमधल्यांनी बांधावरची पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) चाकांखाली घातली.

"रेस बिलकुल न्हाई," ड्रायव्हर म्हणाला.

गाडी म्हशीसारखी सावकाश उठून बाहेर आली.

पुढे सडकेवर चाक फाटेल या धास्तीनं बैलगाडीच्या चालीनं चाललो. आरशात पाहिलं तर जीप मागेच.

"नानाभाऊ, काढ की पुढं, बाजार उठंल," कुणीतरी ओरडत होतं. नानाभाऊनं पुढे काढली नाही. पंक्चरच्या दुकानाशी मी उतरून हात जोडेपर्यंत तो हात हलवून निघूनही गेला.

"याआधी एक गाडी दाखवाया आणल्ती, ती ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागल्ती," शेठ म्हणाले. "ही आपल्या पायानं निघाली. ठेवून जा."

किल्ली देऊन एसटीनं परतलो. बुटांवर काळी माती वाळली होती. गाडीत काय आवडलं, असं साहेब विचारणारच. इंजिनाबद्दल सांगता येईल. पण मला आठवतो तो तिचा रुंद आरसा आणि त्यात शेवटपर्यंत दिसणारी ती जीप.