सांगलीच्या डबीची पिन

वीज कडाडायला लागली की मी घरातल्या सगळ्या पिना काढते. शेजारचा टीव्ही जळताना मी पाहिला आहे. एकदा वळवाच्या पावसात मी लेकीच्या इंटरनेटच्या डबीची, म्हणजे राऊटरची पिनही अशीच उपटली. तिनं सकाळपासून त्यात लिहिलेलं सगळं पुसलं गेलं.

"सेव्ह केलं नव्हतं गं. तपासल्याबिगर मी सेव्ह करत न्हाई," ती म्हणाली, आणि तिनं पिनेवर चिकटपट्टी मारली. "आता आभाळ फाटलं तरी हात लावायचा न्हाई."

"मग जळून मरू व्हय?"

"मर. पर पिनेला हात लावू नगं."

लेक नवऱ्याचं घर सोडून रहिमतपूरला माझ्याकडं आली होती. त्या घरात तिचा हात मोडला होता. पोटाला चिमटा बसला की येईल परत, असं सासरचे गावभर सांगत होते. तिची नोकरी नवी होती, कायम झालेली नव्हती. नोकरी गेली असती तर लेकीला पोसायची माझ्यात ताकद नव्हती आणि ती त्याच घरात परत गेली असती. मला भीती तेवढीच होती.

तिचं काम असं. सांगलीच्या एका एक्स-रे केंद्रातले फोटो साताऱ्याचे डॉक्टर बघायचे. ते जायला तिनं इंटरनेटमधून एक झाकलेली वाट काढली होती. तिला टनेल म्हणतात. खंबाटकीचा बोगदा मी पाहिलेला, म्हणून मला ते समजलं. काय कुठल्या वाटेनं धाडायचं, हे दोन्हीकडच्या डब्यांत लिहून ठेवावं लागतं. सांगलीच्या डबीतही ती घरी बसूनच लिहायची.

एका दुपारी ती लिहिता लिहिता एकदम थांबली.

"काय झालं गं?"

"परतीची वाट चुकली. सांगलीची डबी आता उत्तर भलतीकडंच धाडतीया. मला आत जाताच येईना. फोटो पण अडकले."

"सेव्ह केलंस?"

"न्हाई."

"मग पिन काढली की चुकीचं पुसंल न्हवं?"

"व्हय. पर तिथं काढायची कुणी? समदी जेवायला गेल्यात."

तिनं सांगलीच्या केंद्रात फोन लावला. तो झाडलोट करणाऱ्या बाईनं उचलला. लेक राऊटर, पॉवर, रीस्टार्ट असं भराभरा बोलत सुटली. पलीकडून आवाज आला, "मी न्हाई बाई हात लावणार. माझी नोकरी जाईल."

मी फोन हिसकावून घेतला.

"आवं बाई, वीज कडाडली की टीव्हीची पिन काढतासा का न्हाई?"

"काढते की."

"तशीच काढायची. दिवे लुकलुकत्यात ती डबी बघा. तिची वायर धरून खाली पिनेपर्यंत या."

"हितं दोन पिना हायत. दुसरी त्या मोठ्या मशीनची असली तर?"

आत कुणी माणूस मशीनखाली झोपलेला असला तर? फोन ठेवून द्यावा असं वाटलं.

"वायर हातातनं सुटली का?" मी विचारलं.

"व्हय, सुटली."

"मग परत डबीपासनं धरा. घाई करू नगा."

पलीकडं पिन ओढल्याचा खट आवाज आला.

"गेले दिवे," ती म्हणाली.

"वीस मोजा आन् परत लावा."

मी स्क्रीनकडं बघितलंच नाही. लेकीच्या डाव्या मनगटाकडं बघत बसले. मोडल्यावर ते वाकडं जुळलंय. ते हलेना. मग एकदम बोटं चालू झाली.

"आली. टनेल पण आलं."

अडकलेले फोटो आधी जाऊ दिले. मग तिनं चुकलेली वाट पुन्हा लिहायला घेतली. या वेळी वाटेचे आकडे लिहिलेली वही माझ्या हातात दिली आणि एकेक आकडा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

पुढं ती नोकरीत कायम झाली. चिकटपट्टी अजून तिथंच आहे. ढग गडगडले की मी पिनेपाशी जाऊन उभी राहते आणि ओरडते, "सेव्ह केलंस का?" ती व्हय म्हणेपर्यंत पिनेला हात लावत नाही.