हॅलियार्डची गाठ

आगरदांड्याच्या पोस्टवर मी तीन वर्षं होतो. काम एकच. सकाळी युनिटचा झेंडा चढवायचा, संध्याकाळी उतरवायचा. चौथी नापास माणसाच्या हातात फौजेनं बंदुकीपेक्षा दोरीच जास्त दिली.

शिकवलं लान्स नायक जगूनं. तो खाडीपलीकडचा, दिघीचा.

"धर्मा, काठीकडची कड ती हॉइस्ट. वाऱ्यात फडफडते ती फ्लाय. हॉइस्टचा वरचा कोपरा कॅन्टन, तिथं आपलं निशाण. दोरी म्हणजे हॅलियार्ड."

"आमच्या होडीवर नुसता बावटा आन् रशी."

"होडीवाल्या, गाठ तरी फौजेची मार. एका हातानं सुटली पायजे. कधी गरज पडंल, सांगता येत न्हाय."

मी व्हय म्हणायचो. त्याची पाठ फिरली की कोळ्याची करकचून गाठ मारायचो. होडीवर गाठ सुटली की जाळं गेलं. हाताला तीच सवय.

मग एका दुपारी गस्तीची बोट उलटली. दोघांना वर ढकलून जगू बुडाला.

दुसऱ्या दिवशी सहाला मी झेंडा चढवला. सातला वायरलेस आला. बॉडी अलिबागच्या सरकारी इस्पितळातून निघाली. पोस्टवर दहा मिनिटं सलामी, मग फेरीबोटीनं दिघीला, घरी.

सुभेदार साहेब म्हणाले, "गाडी गेटवर यायच्या आत झेंडा हाफ मास्ट."

दोरी सोडायला गेलो. ओल्या दोरीची माझी गाठ दगड झालेली.

"पोस्ट, गाडी काशीद पार. ओव्हर."

नखं तुटली. मी चाकू काढला.

"कापायची नाही!" साहेब ओरडले. "झेंडा मातीत पडला तर? जगूसमोर?"

गाठ दातात धरली.

"पोस्ट, गाडी मुरूड पार. ओव्हर."

कट्कन आवाज झाला. वाटलं, सुटली. दात होता. मग बाजूच्या दातांनी धरली, ओढली. सुटली. झेंडा अर्ध्यावर आणून दोरी बांधली, तेवढ्यात गेट उघडलं.

सलामीला तोंड घट्ट मिटून उभा राहिलो, रक्त गिळत. लोक म्हणाले, काय करारी जवान हाय!

आता गावात विचारतात, पुढचा दात कुठं गेला? सांगतो, बोंबील खाताना तुटला. सगळे हसतात.

होडीचा बावटा मात्र जगूच्या गाठीनं बांधतो. संध्याकाळी एका हातानं सोडतो. दुसरा हात कपाळाला असतो.