पिंटोच्या वाट्याची पानं

रेल्वेत नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साचतात. मी कर्जत स्टेशनात तारबाबू होतो. आमच्याकडे ते साचत घाटामुळे. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिन जोडावं लागे. तोवर पहिल्या वर्गातले साहेब लोक फलाटावर पाय मोकळे करत, बाकावर टेकून चहा पीत आणि पुस्तक तिथेच विसरून गाडीत चढत!

बरेच दिवस मालकाची चौकशी आली नाही की ते पुस्तक तारघराच्या फळीवर येई. तीच आमची लायब्ररी.

*

स्टेशनमास्तर बापूराव टाइमटेबलाशिवाय काही वाचत नसत. मी एकदा कादंबरी पुढे केली.

"यात गाडी किती वाजता सुटते?"

"यात गाडी नाही, मास्तर. प्रेमाची गोष्ट आहे. शेवटी लग्न होतं."

त्यांनी पुस्तकाची जाडी बोटांनी मापली. "फार लेट आहे!" म्हणाले आणि परत केलं.

*

रूळ बदलणारा सांधेवाला धर्मा जवळच्या कोंडाणे गावचा. त्याला अक्षरओळख नव्हती, पण मी मोठ्याने वाचू लागलो की तो दाराशी येऊन बसे. एकदा गोष्टीतली बाई विहिरीच्या काठावर उभी, आणि नेमकी मालगाडीची घंटा झाली.

"धर्मा, सांधा!"

"जातो वो! पन मी येस्तवर तिला थांबवा. उडी मारू देऊ नका!"

गाडी जाईपर्यंत मी तिला काठावर उभी ठेवली.

*

पिंटो मालगाडीचा गार्ड, मूळचा गोव्याचा. एकदा बाकावर जाडजूड इंग्रजी कादंबरी सापडली. इंग्रजी कादंबरी वाचणारे आम्ही दोघेच, आणि दोघांनाही ती आधी हवी होती. शेवटी शिवण उसवून पुस्तकाचे दोन भाग केले.

"शेवटचा भाग माझा," पिंटो म्हणाला. "गार्ड नेहमी शेवटच्या डब्यात बसतो!"

मूळ मालक अर्ध्यावरच कंटाळला असावा. पिंटोच्या भागातली पानं छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेलीच होती. चाकूने कापल्याशिवाय ती वाचता येणार नव्हती.

माझा भाग मी रोज संध्याकाळी सगळ्यांना मराठीत सांगितला. एक खलाशी बायकोला घरी ठेवून जातो, भर समुद्रात वादळ होतं, जहाज फुटतं. तिथे माझी पानं संपली. पिंटोला वाचायला सवड मिळेना आणि धर्माला जेवण जाईना.

*

नाताळ आला. साहेब लोक माथेरान-लोणावळ्याला निघत, म्हणून नेमकी तेव्हाच आम्हाला रजा नसे. बापूरावांनी सहज विचारलं, "नाताळात कोणाला काय पाहिजे?"

"त्यो खलाशी वाचला का न्हाय, येवढं कळू द्या," धर्मा म्हणाला.

लग्न झाल्यापासून पिंटोचे सगळे नाताळ गार्डाच्या डब्यात गेले होते. "मास्तर, एक नाताळ घरी. मारिया म्हणते, यंदा आला नाहीत तर मी दारात नाताळचा तारा लावणार नाही."

कधी कोणाला रजा न देणारे बापूराव म्हणाले, "जा. पण शेवट वाचून ये. इथे सगळे खोळंबलेत!"

पिंटो आपली पानं कापडात गुंडाळून घेऊन गेला. परत आला नाही. गोव्यातच तापाने गेला.

*

पुढच्या नाताळाच्या सुमारास मारिया त्याची पेटी न्यायला आली. काळ्या कपड्यात, सडपातळ. तिने ते कापडाचं बोचकं माझ्या टेबलावर ठेवलं.

"म्हाका वाचूंक येना," ती म्हणाली. "पूण ताणें म्हाका सगळें सांगलें."

रोज जेवण झालं की तो ही पानं हातात घेऊन बसायचा आणि तिला पुढची गोष्ट सांगायचा. अगदी शेवटापर्यंत.

धर्मा दाराशी उभा होता. त्याने कसंबसं विचारलं, "खलाशाचं काय झालं, बाय?"

"खलाशी घरा येता," मारिया म्हणाली. "मागीर केन्नाच दर्यार वचना."

"आला म्हना की घरी! फिरून दर्यावर गेलाच न्हाय!" धर्मा म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडला.

तिची गाडी गेल्यावर मी बोचकं सोडलं. पानं कडेला जोडलेली होती, तशीच होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही कापलेलं नव्हतं.

मी खणातला चाकू काढला.

बापूरावांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "कशाला, तारबाबू? खलाशी घरी पोचलाय."