पॅनेलमागचा खोकला

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. जे डोळ्यांना दिसत नाही ते मायक्रोस्कोपखाली बघायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठते. तरीही हे लिहितेय... कारण मी एकटीनेच ऐकलेलं नाही.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचा भाड्याचा फ्लॅट, दुसरा मजला. आतली खोली माझ्या मुलीची — इराची, वय पाच. तिच्या पलंगामागची भिंत घरमालक आहेर काकांनी पीव्हीसी पॅनेल लावून झाकलेली, वर जिराफ-हत्तींचे स्टिकर. भिंतीपलीकडे बाथरूम. खोलीला जरा कुबट वास यायचा, तो आम्ही पावसाळ्याच्या नावावर खपवला.

तिथे राहायला गेलो आणि इराला खोकला लागला तो हटेचना. छाती घरघरायची. नेब्युलायझर झालं, इनहेलरचा पंप झाला. डॉक्टर म्हणाले, "घरात कुठे ओल आहे का बघा. आणि काही दिवस हिला दुसरीकडे ठेवा." ओल काही सापडली नाही. तिला देवळ्याला माझ्या भावाकडे पाठवलं. थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला. "ताई, पोरगी एकदम बरी हाय. दिवसभर वावरात पळती. खोकला नाय का काय नाय." मग रविवारी तिला परत आणायचं ठरवलं.

शनिवारी भरदुपारी तिच्या रिकाम्या खोलीतून खोकला आला. कोरडा, लहान मुलाचा, शेवटी शीळ वाजणारा.

मी आणि माझा नवरा निलेश जेवत होतो. "खालच्यांचा टीव्ही असेल," तो म्हणाला. तेवढ्यात खालच्या काकूच वर आल्या. "इरा आली वाटतं? बिचारी सकाळपासून खोकतेय."

निलेशने पलंग ओढला आणि स्क्रू-ड्रायव्हरने एक पॅनेल उचकटलं. मागे सगळी भिंत काळ्या-हिरव्या बुरशीने भरलेली, हात लावला तर ओली. बाथरूमचा पाइप आतल्या आत झिरपत होता. बुरशी मी लॅबमध्ये बघतेच, तिची मला भीती नाही. पण माझी मुलगी तिच्यापासून वीतभर अंतरावर झोपायची. "उद्या इराला आणायचं नाही," एवढंच बोलले.

फोन केल्यावर संध्याकाळी आहेर काका आले. मला वाटलं, वाद घालतील. पण ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी जिराफाच्या स्टिकरवर बोट ठेवलं. म्हणाले, "आम्ही इथं राहायचो तेव्हा आमचा मुलगा ओमपण इथंच झोपायचा. हे स्टिकर त्यानंच चिकटवलेले. डॉक्टर दमा आहे म्हणायचे... सहाव्या वर्षी गेला. भिंतीला ओल यायची म्हणून त्याच्यासाठीच मी हे पॅनेल बसवलं होतं."

आणि तेव्हा खोकला आला. आम्हा तिघांच्या समोर, त्या उघड्या भिंतीकडून.

काकांनी आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते बुरशीपाशी वाकले आणि अगदी रोजच्यासारखं म्हणाले, "हो राजा. पाणी पी थोडं. मी आहे इथंच."

मला रडू आलं, ते लपवत नाही.

इराला आम्ही त्या घरात परत आणलंच नाही. आता तिला पंप लागत नाही. नवीन जागा मिळेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो, पण खोकला पुन्हा ऐकू आला नाही. बुरशीने मूल का खोकतं, हे मी कुणालाही समजावून सांगू शकते. काकांनी पाणी पी म्हटल्यावर तिथे कोण शांत झालं, ते मला अजून कळलेलं नाही.