मामांच्या बाराशे लेकी

माझ्या बायकोच्या मामांनी एका महिन्यात जेवढी लग्नं मोडली, तेवढी सगळ्या महाराष्ट्रातल्या आत्याबाईंना मिळून जन्मात मोडता आली नसतील. आणि त्या प्रत्येक लग्नात नवरी म्हणजे एक पुस्तक होतं.

हे मामा डोंबिवलीतल्या एका शाळेत छत्तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्त झाल्यावर माणसं शाळा सोडतात. मामांनी शाळा घरी आणली. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी मला चहा काचेच्या चंचुपात्रातून दिला, आणि देण्याआधी ते डोळ्यांच्या रेषेत धरून एक डोळा मिटून पाहिलं. "शंभर मिलिलीटर, जावईबापू. पाहुण्याला कमी नाही, घरच्याला जास्त नाही." मी साखर मागितली, तर चिमट्याने दिली. मामी आतून ओरडल्या, "निदान ते भांडं कशाकशाला वापरलंय ते तरी सांगा त्यांना!" ते मामांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

त्या दोन खोल्यांच्या घरात तीन भिंती पुस्तकांच्या होत्या. पहिली शिक्षणाची, दुसरी विज्ञानाची, तिसरी समाजाची. चौथ्या भिंतीला खिडकी होती म्हणून ती वाचली. रस्त्यावरच्या ढिगाऱ्यांतून, प्रदर्शनांच्या शेवटच्या दिवशी, शाळेने निकालात काढलेल्या गठ्ठ्यांतून मामांनी एकेक पुस्तक उचलून आणलं होतं आणि प्रत्येकाला खाकी कव्हर घातलं होतं, कारण रंगीत मुखपृष्ठ पाहून पुस्तक निवडणारा माणूस त्यांच्या मते फटाके पाहून दिवाळी ठरवतो. मुलांना गणिताची भीती का वाटते यावरचं एक पुस्तक शिक्षणात बसतं की समाजात, हे न ठरल्यामुळे ते तीन महिने स्वयंपाकघरात, तटस्थ प्रदेशात, तूरडाळीच्या डब्यावर राहत होतं. घरी कोणी रडगाणं घेऊन आलं की मामा त्याला सहानुभूतीऐवजी पुस्तक देत. माझा मेहुणा साहेबाला कंटाळून नोकरी सोडायला निघाला होता. त्याला मामांनी मुंग्यांच्या वसाहतीवरचं पुस्तक दिलं. तो अजून नोकरीत आहे, फक्त साहेबाला मनातल्या मनात राणी म्हणतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मामांच्या बिल्डिंगचा पुनर्विकास मंजूर झाला. महिन्याभरात घर रिकामं करायचं आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत आंबिवलीला भाड्याच्या एका खोलीत जायचं ठरलं. मामींनी त्या खोलीचं माप घेतलं आणि निकाल दिला. "एक कपाट बसतंय. त्यात माझ्या साड्या. उरलेल्या जागेत तुमचा समाज काय मावेल तो मावू दे. बाकीच्यासाठी शेवटच्या रविवारी रद्दीवाला सांगितलाय."

"रद्दी?" मामांचा आवाज फाटला. "अगं, लेकी आहेत त्या माझ्या!"

"मग उजवा की!" मामी म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या. बिचाऱ्यांना काय ठाऊक, की त्या एका वाक्याने ठाणे जिल्ह्यात केवढा गोंधळ सुरू होणार आहे.

दुसऱ्या दिवसापासून मामा स्थळं पाहायला निघाले. सोबत प्रत्येक पुस्तकाचा परिचय लिहिलेली कार्डं होती: 'पाने दोनशे चाळीस, बांधा मजबूत, स्वभाव जरा कोरडा, पण समजून घेतल्यास आयुष्यभर साथ देईल.' शिवाय खिशात एक बाटलीचं झाकण आणि मिठाची पुडी. ज्या घरात पुस्तक द्यायचं, तिथल्या कपाटात मामा झाकणभर मीठ ठेवून येत आणि दोन दिवसांनी जाऊन पाहत. मीठ ओलसर झालं की भिंतीत ओल आहे, आणि ओल आहे म्हणजे नकार. मीठ कोरडं राहिलं तरी सुटका नव्हती. ठाण्यातल्या एका प्राध्यापिकाबाईंना नकार गेला, कारण त्यांच्या घरच्या पुस्तकाच्या पान एकोणीसवर हळदीचा अंगठा सापडला. कल्याणच्या एका वाचनालयाला नकार, कारण त्यांचं कपाट संडासाच्या भिंतीला टेकलेलं होतं. खडवलीच्या एका सज्जन गृहस्थांनी शंभर पुस्तकं एकदम मागितली, तर मामा म्हणाले, "स्थळ उत्तम आहे हो, पण लेक एवढ्या लांब द्यायची नाही." मामी म्हणाल्या, "माझं लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी याच्या निम्मं जरी पाहिलं असतं ना, तर मी आज इथे नसते."

माझ्याही घरी ते झाकण आलं. दोन दिवसांनी मामांनी मीठ बोटांनी चोळून पाहिलं, खिन्न झाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, तुमच्या भिंतीला ओल आहे. आमची भाची दिली तेव्हा ही चाचणी करायची राहूनच गेली." बायको आठवडाभर हसत होती. माझ्यावर की भिंतीवर, ते मी विचारलं नाही.

तीन आठवडे गेले. बाराशेपैकी एक्केचाळीस लेकी उजवल्या होत्या. रद्दीवाल्याचा रविवार आठ दिवसांवर आला आणि मामांचं चहाचं माप चुकू लागलं. एकदा मला एकशे दहा मिलिलीटर चहा मिळाला तेव्हा मी खरोखर घाबरलो.

ठाण्यात कोलशेतला आमच्या टॉवरच्या समोरच एक तिमजली बंगला आहे. तो बांधणारे दादा तिथले मूळचे. त्यांच्या आज्याची मिठागरं होती. आता मिठागरं गेली, त्या जागी बंगला आला, आणि बंगल्याच्या हॉलमध्ये भिंतभर शोकेस आली. दादा मला फाटकाशी भेटले की कुरकुरायचे, "डिझायनर बोलला, इथं बुकं पायजेत. आता मी बुकं कुठून आणू?" मी मामांना तिथे नेलं. त्यात परोपकार किती आणि खोडी किती, हे मला आज सांगता येणार नाही.

दादांनी शोकेसवर हात फिरवला. "मामा, बारा फूट लांब आणि सात फूट उंच द्या. निळ्या रंगात असली तर बरी, सोफा निळा हाय."

मामांचा चेहरा लिटमससारखा बदलला. "माझ्याकडे फक्त खाकी आहेत. आणि ती फुटावर मिळत नाहीत." असं म्हणून त्यांनी झाकण काढलं, मीठ ओतलं आणि शोकेसमध्ये ठेवलं.

दादा बघतच राहिले. मग असे हसले, की आतून त्यांची आई बाहेर आली. "मामा, मिठागरवाल्याचे घरान मीठ घेऊन आयलाव?" त्यांनी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्या पुडीच्या बारीक मिठाला काय कळतंय? ओल बघायची तर जाडं मीठ पायजे. ह्यो भुगा काय सांगणार तुम्हाला!"

छत्तीस वर्षांच्या प्रयोगशाळेने पुडीतलं मीठ चिमटीत धरून पाहिलं. मग मामा ताठ होऊन म्हणाले, "शक्य आहे. पण प्रयोग सुरू असताना साहित्य बदलायचं नसतं."

"बरं, ऱ्हाऊ द्या. मिठावरचं बुक हाय का तुमच्याकडं?"

मामांनी पिशवीतून स्फटिकांवरचं पुस्तक काढलं, पान उघडून समोर धरलं. चौकोनी खड्यांची चित्रं होती. दादा सोफ्याच्या कडेवर बसले आणि बोट फिरवत, पुटपुटत वाचू लागले. चहा आला, गार झाला. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. "हे सगळं माझ्या आज्याला ठाव होतं. खडा कधी धरतो, वारा कुठला लागतो, सगळं. पण त्याला कोणी इचारलंच नाय." आणि मग, जरा ओशाळून, "मामा, निळ्याचं ऱ्हाऊ द्या. खाकी चालंल."

मीठ दोन दिवस कोरडं राहिलं. नसतं राहिलं तरी मामांनी होकार दिला असता, असं मला तेव्हाच वाटलं. रद्दीवाल्याच्या आदल्या दिवशी दादांचा टेम्पो डोंबिवलीला गेला. मामा टेम्पोमागे उभे राहून, एकेक गठ्ठा चढताना, "सांभाळून, ती शिक्षणाची आहे, नाजूक आहे," असं म्हणत रुमालाने नाक पुसत होते. मामींनी शेवटच्या गठ्ठ्यावर हळदकुंकू वाहिलं. चेष्टेनेच, असं त्या सांगतात.

याला आता दीड वर्ष झालं. डोंबिवलीत बिल्डिंगच्या जागी अजून पत्र्याचं कुंपणच आहे. दर महिन्याला मामा आंबिवलीहून कोलशेतला येतात, लेकींना भेटतात, झाकणातलं मीठ तपासतात, "कोरडं आहे" म्हणतात आणि शांतपणे चहा घेतात. मागच्या पावसाळ्यात दादांनी मला फाटकाशी गाठून हळूच सांगितलं होतं, की जुलैत हॉलची भिंत गळाली, त्यांनी सगळी पुस्तकं वर स्वतःच्या पलंगावर नेऊन ठेवली आणि मामांच्या पुढच्या फेरीपर्यंत नवराबायको खाली जमिनीवर झोपली. "मामांना बोलू नका. त्यांच्या जीवाला लागंल. मी झाकणातलं मीठ बदलतो, ते यायच्या आधी."

मी बोललो नाही. पण परवा मामांना स्टेशनवर सोडायला जाताना ते आपणहून म्हणाले, "जावईबापू, मी तिथे बारीक मीठ ठेवलं होतं. जुलैपासून त्या झाकणात जाडं मीठ आहे."

मी गाडी जरा हळू केली.

"त्याला कळू देऊ नका," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पुस्तकांची पानं मी तपासली. सगळी कोरडी आहेत."